वघईची गाडी आणि सातपुड्याचा साग

१७ जानेवारी २०२१ रोजी गुजरातेतल्या केवडियाला रेल्वे पोहोचली. देशाच्या निरनिराळ्या भागांना जोडणाऱ्या आठ गाड्यांना त्या दिवशी हिरवा झेंडा दाखवला गेला. त्यांतली एक दादरची होती. डभोई ते चांदोद हा जुना अरुंद मार्ग रुंद करून त्याच्यापुढे ३२ किलोमीटरचे नवे रूळ टाकले, तेव्हा गाडी इथवर आली. केवडियाच्या वरच्या अंगाला नर्मदेवर सरदार सरोवराची भिंत आहे. भिंतीमागे साठलेल्या पाण्याच्या दक्षिण काठाने थोडे वर गेले की महाराष्ट्राची हद्द लागते, आणि त्या हद्दीतले पहिले गाव मणिबेली. जिल्हा नंदुरबार, तालुका अक्कलकुवा. वस्ती तडवी आणि वसावे भिल्लांची.

चांदोदला आगगाडी आली होती १८७९ मध्ये. नदीच्या दक्षिणेला राजपिपळा संस्थानाने अंकलेश्वरहून निघणारी आपली गाडी १८९९ पर्यंत राजधानी नांदोदला आणून पोहोचवली. एकोणिसावे शतक संपले तेव्हा मणिबेलीच्या पश्चिमेला नर्मदेच्या दोन्ही अंगांना रूळ होते. तिथून पुढे डोंगर सुरू होतात आणि रूळ तिथेच थांबले. सातपुडा नदीला इथे इतका खेटून उभा आहे की सपाट जमीन म्हणून काही उरतच नाही. नदीही वाहतुकीच्या कामाची नव्हती. पावसाळ्यात भडोचहून गलबते सुमारे साठ मैल, तिलकवाड्याच्या आसपासपर्यंत चढत. त्याच्या वर हिरणफाळ आणि मकराईचे खडक, धबधबे आणि शूलपाणीची झाडी.

या झाडीत साग होता. सागासाठी माणसे फार लांबून आणि फार आधीपासून येत होती.

सागाच्या लाकडात तेल असते. त्यामुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही, पाण्यात ते लवकर कुजत नाही आणि उन्हात फारसे तडकत नाही. जहाज बांधणाऱ्यांना त्याचा आणखी एक गुण मोलाचा वाटे. इंग्लंडच्या ओक लाकडातल्या आम्लामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे गंजतात. सागात लोखंड सुरक्षित राहते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली १८१७ मध्ये ब्रिटिश आरमारासाठी बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात तरंगते आहे. या गोदीला साग मुख्यतः मलबारातून येत असे. तिथला साग आटत चालला तेव्हा मुंबई सरकारची नजर उत्तरेकडे वळली. १८४२ च्या सुमारास डांगच्या भिल्ल राजांशी आणि नाईकांशी करार होऊन त्यांच्या जंगलातले लाकूड तोडण्याचा हक्क सरकारने पट्ट्याने घेतला. त्या बदल्यात राजांना ठरावीक रक्कम मिळू लागली. आहव्याला दरवर्षी भरणाऱ्या डांग दरबारात त्या राजघराण्यांच्या वारसांना आजही मानधन दिले जाते. गाढवी, आमाळा, वासुर्णा, पिंपरी आणि दहेर ही ती पाच घराणी. कित्येक वर्षे डांगचा कारभार खानदेशच्या कलेक्टराकडे होता, त्यामुळे कागदोपत्री डांग आणि सातपुडा एकाच दप्तरात होते.

जहाजांची भूक मोठी होती. रेल्वेची तिच्याहून मोठी निघाली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली आणि पुढच्या वीस वर्षांत हजारो मैल रूळ टाकले गेले. लोखंड विलायतेहून येई, पण रुळांखालचे आडवे स्लीपर इथल्याच झाडांचे असत. एका मैलाला हजाराहून अधिक स्लीपर लागतात. साग, साल आणि देवदार हे तीनच वृक्ष त्या कामी टिकाऊ ठरले. बाकी लाकडाचा स्लीपर काही पावसाळ्यांत कुजे, म्हणजे तोच मैल पुन्हा पुन्हा झाडे मागे. १८७० च्या दशकातल्या सरकारी हिशोबाप्रमाणे देशाला दरवर्षी दहा लाखांहून अधिक स्लीपर लागत होते. सुरुवातीच्या काळात कित्येक मार्गांवर इंजिनाच्या भट्टीतही लाकूडच जळत होते.

भारतातले वनखाते या मागणीतून जन्माला आले, आणि ते लक्षात ठेवले नाही तर पुढचे काहीच नीट समजत नाही. १८५५ मध्ये लॉर्ड डलहौसीने वनधोरणाचा खलिता काढला. ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांत नाव कमावलेला जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस १८६४ मध्ये देशाचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. १८६५ चा आणि नंतर १८७८ चा वनकायदा आला. दुसऱ्या कायद्याने जंगलाची राखीव आणि संरक्षित अशी विभागणी केली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्याचा हक्क ही सरकारने दिलेली सवलत झाली. जाळून शेती करणे, मोहाखाली जमीन साफ करणे, घरासाठी चार खांब तोडणे या सगळ्याला परवानगी लागू लागली. डांगमध्ये १९०७, १९११ आणि १९१४ मध्ये भिल्लांनी या बंधनांविरुद्ध उठाव केले. ते मोडले गेले. ज्या वर्षांत हे उठाव झाले, त्याच वर्षांत डांगच्या सीमेकडे रूळ सरकत होते.

त्या रुळांकडे वळण्याआधी खानदेशच्या बाजूचे चित्र पाहिले पाहिजे.

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचे लाकूड तळोद्याला उतरे. एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरांत तळोद्याची नोंद खानदेशातली लाकडाची सर्वांत मोठी पेठ अशी आहे. रोशा गवताच्या तेलाचा व्यापारही तिथेच चाले, आणि खानदेशातल्या सर्वांत चांगल्या बैलगाड्या तळोद्यात बनतात असे त्याच नोंदी सांगतात. या दोन गोष्टींचा मेळ सहज लागतो. जिथे साग, तिवस आणि शिसव दाराशी येते तिथे सुतार बसतो. जिथे ओंडके वाहायचे असतात तिथे गाडी भक्कम लागते. अक्राणीच्या आणि मेवासाच्या डोंगरातून ओंडका निघे तो बैलांच्या मानेवर. मेवास म्हणजे काठी, नाला, सिंगपूर अशा छोट्या भिल्ल सरदारांच्या जहागिरी. मणिबेलीच्या पंचक्रोशीत नाव घेतले जाते ते काठीचे. तिथली राजवाडी होळी आजही सातपुड्यातली सगळ्यात मोठी होळी आहे.

१९०० मध्ये सुरतेहून अमळनेरपर्यंत ताप्ती व्हॅली रेल्वे पूर्ण झाली. व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा अशी ती तापीच्या खोऱ्यातून पूर्वेला गेली. ही रुंद मार्गाची, मोठ्या गाडीची रेल्वे होती आणि तिचा मुख्य माल खानदेशचा कापूस. पण नवापूर आणि व्यारा जंगलाच्या कडेला होते, आणि त्या स्थानकांभोवती लाकडाच्या वखारी उभ्या राहिल्या. तळोद्याचा ओंडका आता तापी ओलांडून नंदुरबारला आणता आला की थेट सुरतेला किंवा मुंबईला जाऊ शके. सातपुड्याच्या उत्तर उतारावर, नर्मदेच्या काठच्या गावांना मात्र याचा उपयोग नव्हता. मणिबेलीतले झाड तळोद्याला आणायचे तर डोंगराची सगळी रांग चढून उतरायला हवी. भरलेल्या गाडीला ते जमण्यासारखे नव्हते.

डांगचे तसे नव्हते. डांगच्या नद्या पश्चिमेला वाहतात आणि त्यांच्याबरोबर जमीनही हळूहळू समुद्राकडे उतरते. अंबिका नदी डांगच्या डोंगरांतून निघून वघई, उनाई, गणदेवी करत बिलिमोऱ्याजवळ खाडीला मिळते. बिलिमोरा हे जुने बंदर आणि लाकडाची जुनी बाजारपेठ. १८६४ पासून मुंबई–सुरत मार्गावरचे ते रेल्वे स्थानकही होते. नदीच्या खोऱ्याने वर चढत गेले की जंगलाच्या दारात पोहोचता येते, हे कोणाही इंजिनियराला नकाशावर दिसले असते.

ते काम केले बडोदे संस्थानाने. महाराज सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांच्या राज्याचा नवसारी प्रांत डांगच्या पश्चिमेला लागून होता. बडोद्याला अरुंद रेल्वेचा अनुभव देशात सर्वांत जुना: १८६२ मध्येच डभोई ते मियागाम हा मार्ग टाकला गेला होता आणि त्यावर सुरुवातीला डबे ओढायला बैल जुंपले होते. त्याच अडीच फुटी मापाचा बिलिमोरा–वघई मार्ग १९१३ पासून वाहता झाला. लांबी ६३ किलोमीटर. गणदेवी, चिखली, रानकुवा, ढोलीकुवा, अनावल, उनाई, केवडी रोड, काळा आंबा, डुंगरडा आणि वघई. अनावलपर्यंत उसाची आणि आंब्याची सुपीक जमीन, उनाईला गरम पाण्याची कुंडे, आणि काळ्या आंब्याच्या पुढे साग. साठ-पासष्ट किलोमीटरच्या या वाटेत गाडी बडोद्याचा मुलूख, इंग्रजी चिखली तालुका आणि वांसदा संस्थान ओलांडून डांगमध्ये शिरे.

अडीच फुटांचे माप जंगलासाठी का निवडले गेले, याचे उत्तर पैशात आणि वळणात आहे. रुंद मार्गाच्या रुळांत साडेपाच फुटांचे अंतर असते, डोंगर जास्त कापावा लागतो आणि वळण फार सैल घ्यावे लागते. अरुंद रूळ ओहोळाच्या काठाने, टेकडीच्या पोटाने, जमीन वळेल तसे वळू शकतात. पूल हलके चालतात, रूळही हलके. गाडी सावकाश चालते, पण ओंडक्याला घाई नसते. याची किंमत मोजावी लागे ती बिलिमोऱ्याला. छोट्या गाडीतला माल मोठ्या गाडीत जसाच्या तसा जात नाही. वघईला बैलगाड्यांतून उतरवून डब्यावर चढवलेला ओंडका बिलिमोऱ्याला पुन्हा माणसांच्या खांद्यांवर आणि दोरांवर येई, आणि तिथून मोठ्या डब्यात किंवा वखारीत जाई. मुंबईच्या चाळीतल्या एखाद्या तुळईला हातांचा किती वेळा स्पर्श झाला असेल, याचा हिशोब रेल्वेच्या नोंदीत सापडत नाही.

त्याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला याच कामाची वेगळी रीत बसली होती. अमेरिकेत मिशिगन आणि विस्कॉन्सिनचे पाइन वृक्ष संपत आले तेव्हा लाकूड कंपन्या पॅसिफिक किनाऱ्याकडे गेल्या. १९०० मध्ये वायरहाउझर कंपनीने नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेकडून वॉशिंग्टन राज्यातली नऊ लाख एकर जंगलजमीन एकरी सहा डॉलरने विकत घेतली. तिथल्या कंपन्या जंगलात स्वतःचे रूळ टाकत, एक खोरे संपले की उखडत आणि पुढच्या खोऱ्यात नेत. मिशिगनच्या एफ्राइम शे या लाकूड व्यापाऱ्याने दातेरी चाकांनी ताकद पोचवणारे इंजिन घडवले आणि १८८१ मध्ये त्याचे पेटंट घेतले. ते अतिशय हळू चाले, पण साध्या इंजिनाला न झेपणारा चढ चढे आणि वेडावाकडा रूळही सहन करे. कॅलिफोर्नियाच्या जॉन डॉल्बीरने त्याच सुमारास वाफेवर फिरणारे रहाट बनवले. त्याच्या तारेने ओंडके बैलांविना खेचले जाऊ लागले. मजुरांच्या झोपायच्या खोल्यासुद्धा रेल्वेच्या चाकांवर असत. तळ हलला की घर हले.

भारतात हा प्रकार अगदीच झाला नाही असे नाही. कोचीन संस्थानाने १९०७ मध्ये चालकुडीहून परंबीकुळमच्या जंगलात जाणारी वन-ट्रामवे सुरू केली. उतारावर भरलेला डबा खाली जाताना तारेने रिकामा डबा वर खेचे. ती १९६३ पर्यंत चालली. विदर्भात गोंदियाहून नागभीडमार्गे चांद्याला जाणारी बंगाल–नागपूर रेल्वेची अरुंद गाडी १९१३ च्या सुमारास पूर्ण झाली आणि चांद्याच्या जंगलांना वाट मिळाली. तिथेही खरे जंगल रुळाच्या खूप पुढे, प्राणहिता आणि इंद्रावतीच्या अंगाला आलापल्लीत होते. आलापल्लीचा साग बल्लारपूरच्या डेपोपर्यंत आणायला बैल, मग हत्ती आणि शेवटी ट्रक वापरले गेले. कमलापूरचा हत्तीतळ त्या काळाची खूण म्हणून उरला आहे. दिल्लीच्या नव्या संसद भवनात आणि अयोध्येच्या राममंदिरात जो साग लागला तो याच पट्ट्यातला. आलापल्लीत जुन्या झाडांचा एक तुकडा मात्र न तोडता राखला गेला. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ नावाने तो ओळखला जातो आणि २०१४ मध्ये त्याला राज्यातले पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली. सागाच्या जंगलाची उंची पूर्वी काय होती हे पाहायचे असेल तर महाराष्ट्रात आज तिथेच जावे लागते.

पण एकंदरीत इथले रूळ जंगलाच्या दारापर्यंतच गेले. आतले सगळे काम माणसाच्या आणि बैलाच्या अंगमेहनतीवर चालले, आणि त्याचे कारण साधे आहे: अमेरिकेत मजूर महाग होता म्हणून यंत्र आले, इथे मजूर इतका स्वस्त होता की यंत्राची कोणाला गरज वाटली नाही.

हे काम कसे चाले ते पाहू. वनखाते जंगलाचा आराखडा करी आणि त्याचे तुकडे पाडी. या तुकड्याला कूप म्हणतात. ठरावीक वर्षांच्या फेऱ्यात एकेक कूप तोडीला येई. तोडायच्या झाडावर बुंध्याशी साल तासून हातोड्याने सरकारी शिक्का मारला जाई. राखून ठेवायच्या झाडांवर वेगळी खूण. मग कूपाचा लिलाव होई आणि ठेकेदार तो घेई. ठेकेदार सहसा बाहेरचा, वखार असलेला, भांडवलवाला. तो मुकादम नेमी आणि मुकादम गावोगाव फिरून माणसे गोळा करी.

काम दिवाळीनंतर सुरू होई, कारण तोवर पावसाळी रस्ते वाळत आणि भाताची कापणी आटपत आलेली असे. माघ-फाल्गुनात साग पाने झाडतो, जंगल उजळ होते आणि तोडीला वेग येतो. ज्येष्ठातल्या पहिल्या पावसाच्या आत माल डेपोवर पोहोचलाच पाहिजे. सहा-सात महिन्यांसाठी कूपाजवळ पानांच्या झोपड्यांची वस्ती पडे. त्या वस्तीत बायका आणि पोरेही असत. पुरुष कुऱ्हाडीने पाडत आणि दोन जणांच्या करवतीने तुकडे करत. बायका फांद्या साफ करत, जळाऊ लाकडाच्या थप्प्या रचत, पाणी दुरून आणत. फांद्यांचा आणि आडजातीच्या झाडांचा जागेवरच कोळसा केला जाई. भट्टी दिवसरात्र राखावी लागे, कारण तिच्यावरचे मातीचे लिंपण एके ठिकाणी फुटले की सगळे लाकूड राख होते. ओंडका गाडीवर चढवायचे काम सगळ्यात धोक्याचे. उतारावर गडगडता ओंडका पाय घेतो, कधी जीवही. त्याची भरपाई मागायची कुठे, हे सांगणारे तिथे कोणी नव्हते.

मजुरी ठरे नगावर किंवा मापावर, आणि माप मुकादमाच्या हातात. आगाऊ उचल घेतलेली असे: लग्नासाठी, बियाण्यासाठी, नाहीतर पावसाळ्यातल्या उपासमारीत खाल्लेल्या धान्यासाठी. वस्तीवरचे दुकान बहुधा ठेकेदाराचेच. मीठ, मिरची, नागली त्याच्याकडून उधार घ्यायची आणि हंगामाअखेर हिशोब व्हायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला तो हिशोब तपासता येत नसे, आणि बरेच जण सहा महिने राबून नवे कर्ज डोक्यावर घेऊन घरी परतत. याखेरीज वेठ वेगळी. वनखात्याच्या गार्डचे सामान वाहणे, साहेबाच्या मुक्कामासाठी कोंबड्या देणे, आग विझवायला हाकेसरशी धावणे, हे सारे फुकट. जंगलात राहू दिले हीच त्याची मजुरी असे धरले जाई.

हे सगळे सरकारला ठाऊक होते, असे म्हणायला आधार आहे. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली मुंबई प्रांतातले काही भाग ‘अंशतः वगळलेले’ ठरवले गेले. पश्चिम खानदेशातले नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्राणी आणि मेवासी सरदारांची गावे त्यात होती. नाशिकचे पेठ व कळवण आणि ठाण्याचे डहाणू, उंबरगाव व मोखाडाही होते. या भागांची पाहणी करायला डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याला नेमले गेले. त्याचा अहवाल १९३० च्या दशकाच्या शेवटी आला. सावकारी, वेठ आणि जंगलमजुरीतली पिळवणूक त्याने सरकारी भाषेच्या मर्यादेत, पण स्पष्ट मांडली. मराठी वाचकाने हा अहवाल एकदा तरी चाळायला हवा. आपल्या जुन्या वाड्यांचे खांब आणि तुळया कुठून आल्या हे आपल्याला माहीत असते. त्या कशा आल्या, ते या पानांत आहे.

बदल आला तो दोन वाटांनी. पहिली वाट संपाची. ठाणे जिल्ह्यात गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी किसान सभेतर्फे १९४५ मध्ये वारल्यांना संघटित केले. आधी वेठबिगारी आणि लग्नगडीपणा, म्हणजे लग्नाच्या कर्जापायी राबणे, मोडला गेला. १९४६ च्या हंगामात जंगलतोडीवर बहिष्कार पडला. मागणी होती दिवसाला सव्वा रुपया मजुरीची. डहाणू-तलासरीचे कूप ओस पडले, मुंबईकडे जाणारे लाकूड आणि कोळसा अडला, आणि लाकूड व्यापाऱ्यांच्या संघटनेला शेवटी तो दर मान्य करावा लागला. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर लाकूडतोड्यांनी १९१७ च्या उन्हाळ्यात असाच संप केला होता. आठ तासांचा दिवस आणि झोपायला स्वच्छ अंथरूण या त्यांच्या मुख्य मागण्या, कारण तोपर्यंत मजुराला स्वतःची वळकटी पाठीवर घेऊन तळ बदलत फिरावे लागे. महायुद्धात विमानांसाठी स्प्रूस लाकूड हवे होते, म्हणून १ मार्च १९१८ पासून आठ तास लागू झाले. दोन्ही ठिकाणी झाडाच्या बाजारातला नेमका हंगाम मजुराने ओळखला, आणि कुऱ्हाड खाली ठेवली. वारल्यांच्या मागण्यांत अंथरूण नव्हते. तिथपर्यंत जायला आधी माणूस म्हणून उभे राहायचे होते, आणि गोदावरीबाईंनी त्या दिवसांवर लिहिलेल्या पुस्तकाचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे नाव त्यामुळेच इतके अचूक आहे.

दुसरी वाट सहकाराची. बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री असताना १९४७ मध्ये जंगल कामगार सहकारी सोसायट्या सुरू झाल्या. लिलावाविना कूप थेट सोसायटीला द्यायचा, सोसायटीचे सभासद स्वतः तोडणारे मजूर, आणि पाठीशी एखादी सेवाभावी संस्था, अशी ती रचना होती. नाशिकला दादासाहेब बिडकरांनी १९३७ मध्ये स्थापलेल्या डांग सेवा मंडळासारख्या संस्थांनी अशा कामाला माणसे दिली. ठाणे, नाशिक, पश्चिम खानदेश आणि डांग या पट्ट्यांत या सोसायट्या पसरल्या. त्यांतल्या काहींवर पुढे पुढाऱ्यांचा आणि जुन्या ठेकेदारांचाच कब्जा झाला, हे खरे आहे. तरीही मजुराचे नाव मालक म्हणून कागदावर पहिल्यांदा या सोसायट्यांमुळे आले, आणि ती मोठी गोष्ट होती.

तोवर वाहतूकही पालटू लागली होती. स्वातंत्र्यानंतर डोंगरात रस्ते झाले, ट्रक आले. ट्रक कूपापर्यंत जातो, त्यामुळे वघईच्या डेपोत बैलगाडी रिकामी करायची आणि बिलिमोऱ्याला पुन्हा माल बदलायचा, हा खटाटोप उरला नाही. १ मे १९६० ला डांग गुजरातेत गेला. लाकूड रस्त्याने जाऊ लागले आणि वघईची गाडी हळूहळू फक्त माणसांची झाली. भाजीच्या पाट्या, शाळेची पोरे, उनाईचे यात्रेकरू. डिसेंबर २०२० मध्ये रेल्वे खात्याने गुजरातेतले अकरा तोट्यातले अरुंद मार्ग बंद करण्याचे ठरवले. त्यात हाही होता. स्थानिकांनी आवाज उठवला, हा मार्ग वारसा म्हणून राखायचे ठरले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये गाडी पुन्हा धावली, या वेळी पर्यटकांसाठी काचेच्या डब्यासह. डब्यातून दिसणाऱ्या जंगलाचा इतिहास प्रवाशाला सांगणारी एखादी पाटी तरी वघईच्या फलाटावर असायला हवी, आणि त्या पाटीवर गायकवाडांइतकीच कूपातल्या माणसांना जागा हवी.

नर्मदेच्या काठाला जे रुळाने केले नाही ते धरणाने केले. सरदार सरोवराची कोनशिला ५ एप्रिल १९६१ ला बसली. १९७९ मध्ये नर्मदा जलविवाद लवादाने उंची ४५५ फूट ठरवली. महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बुडीत क्षेत्रात आली. पहिले गाव मणिबेली. नर्मदा बचाव आंदोलनाचा पावसाळी सत्याग्रह तिथे झाला, आणि १९९३ मध्ये घरे पाण्यात गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये जागतिक बँक प्रकल्पातून बाहेर पडली. १९९४ मध्ये जगभरच्या शेकडो संघटनांनी बँकेच्या धरणकर्जांविरुद्ध जे पत्रक काढले त्याला ‘मणिबेली जाहीरनामा’ असे नाव दिले. शूलपाणेश्वराचे जुने मंदिर बुडाले. नवे मंदिर धरणाच्या खाली गोऱ्याला बांधले गेले. काठावरची झाडे पाणी चढण्याआधी तोडली गेली. ज्या सागाला बैलगाडीची वाट मिळाली नव्हती, त्याला बुडिताच्या हुकुमाने कुऱ्हाड लागली.

गावातली काही घरे गुजरातेत परवेट्याला गेली, काही वर डोंगरावर सरकली. महाराष्ट्राने आपल्या विस्थापितांसाठी जमीन शोधली ती तळोद्याला. १९९० मध्ये केंद्र सरकारने तळोद्याचे २७०० हेक्टर राखीव जंगल पुनर्वसनासाठी मोकळे केले. खानदेशची सर्वांत मोठी लाकडाची पेठ ज्या जंगलावर उभी होती, त्याचाच हा भाग. राहिलेली झाडे पाडून तिथे सोमावलसारख्या वसाहती बसल्या. पण ही जमीन रिकामी नव्हती. तळोद्याचे स्थानिक भिल्ल पिढ्यांपासून तिच्यातले तुकडे कसत होते. वनखात्याच्या लेखी ते अतिक्रमणदार होते. बुडितातून आलेला भिल्ल आणि जंगल कसणारा भिल्ल एकाच शेतावर समोरासमोर उभे राहिले. १८७८ च्या कायद्याने कसणाऱ्याचा हक्क कागदावरून पुसला नसता तर हा झगडा उभाच राहिला नसता. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो हक्क परत मागायची सोय दिली, आणि नंदुरबार जिल्ह्यात हजारो दावे दाखल झाले. त्या दाव्यांना पुरावा म्हणून जोडले जातात ते वनखात्याचेच जुने कागद: अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या, गुन्ह्यांच्या नोंदी आणि खात्याच्या जुन्या याद्यांतली नावे.